मुलांना विचारात पाडणारा व्हिडिओ: प्रश्न निवडण्यापासून थंबनेलपर्यंत

मुलांसाठी विज्ञानाचा व्हिडिओ करायचा ठरलं की बहुतेक जण पहिल्या दिवशी कॅमेरा शोधतात आणि दुसऱ्या दिवशी संगीत. मुलांना यातून नेमकं काय विचारायचं, हा विषय निघतो तो एडिटिंग संपत आल्यावर. मग शेवटी पाच प्रश्नांची चाचणी चिकटवायची आणि व्हिडिओला ‘संवादी’ म्हणायचं. मूल तिथवर पोचतच नाही, आणि पोचलंच तर परीक्षा समोर आल्यासारखं तोंड करतं.

खालचा क्रम चार-पाच मिनिटांच्या एका व्हिडिओसाठी आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: ताटलीत थोडं पाणी, मधोमध जळती मेणबत्ती, वरून उपडा घातलेला काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. हाच प्रयोग घेण्याचं कारण सरळ आहे. यावर मी स्वतः एक सपशेल चुकीचा व्हिडिओ करून बसलो होतो.

१. विषय नको, प्रश्न निवडा

‘प्रकाश’ हा विषय झाला. ‘आरशात डावं-उजवं उलटलेलं वाटतं, मग वर-खाली का उलटत नाही?’ हा प्रश्न. ‘हवेचा दाब’ यावर पाच मिनिटांत काहीच धड होत नाही, पण ‘पाणी ग्लासात का चढलं?’ यावर होतं.

प्रश्न चालेल का, हे ठरवायला तीन गोष्टी बघा. उत्तर माहीत नसतानाही मुलाला त्यावर अंदाज बांधता आला पाहिजे. तो अंदाज चुकण्याची खरीखुरी शक्यता पाहिजे. आणि काय खरं ते कॅमेऱ्यासमोर दाखवता आलं पाहिजे. तिसरी अट बरेच जण विसरतात. ‘पृथ्वीच्या गाभ्यात काय आहे?’ हा प्रश्न छान आहे, पण तिथे तुम्ही फक्त चित्रं दाखवू शकता, आणि मुलाला तुमच्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही काम उरत नाही.

वयोगटही इथेच ठरवा. आठ ते दहा आणि अकरा ते तेरा अशी दोन्ही गटांची मुलं एकाच व्हिडिओत सांभाळायला गेलात तर धाकट्यांच्या डोक्यावरून जातं आणि थोरले कंटाळतात.

*तपासा:* प्रश्न एका वाक्यात, ‘आणि’ न वापरता लिहिता येतो का? ‘आणि’ आला असेल तर तुमच्याकडे दोन व्हिडिओ आहेत.

२. पाच-सहा मुलांचे अंदाज लिहून काढा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळ्यात महाग तीच पडते. संहितेचं एक अक्षर लिहिण्याआधी त्या वयाच्या पाच-सहा मुलांना एकेकटं भेटा. प्रयोग मांडा, पण ग्लास ठेवू नका. विचारा, ‘मी आता हा ग्लास उपडा घालणार. काय होईल? का?’ उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपा. सुधारू नका, मान डोलावू नका. ‘बरं, अजून काही?’ एवढंच म्हणा.

मेणबत्तीच्या बाबतीत मला साधारण तीन तऱ्हेची उत्तरं मिळाली. धाकटी मुलं म्हणाली, ‘मेणबत्ती पाणी ओढून घेते.’ थोडी मोठी म्हणाली, ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा रिकामी झाली, तिथे पाणी गेलं.’ एका मुलाचं म्हणणं होतं, ‘धूर पाण्यात जातो म्हणून पाणी फुगतं.’ हे तिसरं उत्तर मला जन्मात सुचलं नसतं. असली उत्तरं हीच तुमच्या व्हिडिओची खरी सामग्री.

सिडनी विद्यापीठात डेरेक म्यूलर यांनी २००८ साली पूर्ण केलेलं पीएच.डी.चं काम नेमकं याच मुद्द्यावर आहे. नुसतं स्वच्छ स्पष्टीकरण पाहिलेल्या विद्यार्थ्यांना व्हिडिओ सोपा वाटला, पण चाचणीतले गुण फारसे हलले नाहीत. ज्यांनी आधी चुकीच्या कल्पना मांडून मग त्या तपासणारा व्हिडिओ पाहिला, त्यांना तो गोंधळवणारा वाटला, पण गुण त्यांचेच जास्त वाढले. ते विद्यार्थी मोठे, विद्यापीठातले होते, पण लहान मुलांच्या बाबतीत माझाही अनुभव तोच आहे. ‘छान समजलं’ म्हणणाऱ्या मुलाला काही समजलं असेलच असं नाही.

३. उत्तर आधी स्वतः पक्कं करा

आता माझी चूक सांगतो. मी व्हिडिओत ठासून सांगितलं होतं की ऑक्सिजन जळून गेला म्हणून पाणी चढलं. सातवीतल्या एका मुलीने दोनदा बघून विचारलं, ‘मग पाणी मेणबत्ती जळत असताना हळूहळू का नाही चढलं? विझल्यावर एकदम का चढलं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हिडिओ मागे घेतला आणि प्रयोग परत करायला बसलो.

घडतं ते असं. ग्लास खाली आणताना ज्योतीमुळे आतली हवा तापून पसरते. त्यातली काही कडेखालून बाहेर पडते, आणि नीट पाहिलं तर कधी कधी बुडबुडेही दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा झपाट्याने थंड होते, आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच आहे, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ येते. मेणासाठी हिशोब केला तर वापरलेल्या ऑक्सिजनच्या आकारमानाच्या साधारण दोन-तृतीयांश एवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शिवाय झाकलेली ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. म्हणजे मुख्य काम तापमानाचं. ऑक्सिजनचा वाटा लहान.

उत्तर पक्कं झालं म्हणजे काय? तर चुकीचा अंदाज खोटा पाडणारा दुसरा प्रयोग तुमच्या हाताशी आहे. इथे असे दोन आहेत. एक: त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ग्लासात मावणारी हवा तेवढीच, तिच्यातला ऑक्सिजनही तेवढाच, पण पाणी जास्त वर चढतं, कारण हवा जास्त तापलेली असते. दोन: ज्योत नकोच. काचेच्या बाटलीत गरम पाणी भरून मिनिटभर ठेवा, ओतून टाका आणि बाटली लगेच ताटलीतल्या पाण्यात उपडी घाला. बाटली निवत जाते तसं पाणी चढतं. इथे काहीच जळलेलं नाही.

*सावध:* बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. हाताला सोसेल एवढंच गरम घ्या.

*तपासा:* दोन्ही प्रयोग किमान दहा वेळा करा. दहातले आठ तरी जमले पाहिजेत. ‘कॅमेऱ्यासमोर होईलच’ या भरवशावर राहू नका, नेमकं तेव्हाच होत नाही.

४. थांबे आधी ठरवा, संहिता नंतर

थांबा म्हणजे अशी जागा, जिथे व्हिडिओ थांबतो आणि मुलाला काहीतरी ठरवावं लागतं. चार-पाच मिनिटांत दोन किंवा तीन थांबे पुरेत. जास्त केले तर मूल पुढे ढकलायला शिकतं.

पहिला थांबा अंदाजाचा. तो पहिल्या पाऊण मिनिटात आला पाहिजे, कुठलंही स्पष्टीकरण तोंडातून निघण्याआधी. एकदा अंदाज बांधला की मुलाचा त्यात जीव अडकतो, आणि पुढचा व्हिडिओ ते स्वतःची बाजू खरी ठरते का हे बघायला पाहतं. सगळी गंमत इथे आहे.

दुसरा थांबा निरीक्षणाचा. आमच्या व्हिडिओत प्रयोग एकदा सलग दाखवून विचारलं: ‘पाणी चढायला कधी लागलं? ज्योत जळत असताना, की विझल्यावर?’ बहुतेक मुलांनी ते पाहूनही पाहिलेलं नसतं. ती स्वतःच मागे जाऊन परत बघतात. त्या मुलीचा प्रश्न आम्ही असा चोरला.

तिसरा थांबा पुढच्या अंदाजाचा: ‘एका मेणबत्तीऐवजी तीन लावल्या तर?’

पर्याय लिहिताना दुसऱ्या पायरीतली वही उघडा आणि मुलांचीच वाक्यं घ्या. मोठ्या माणसाने रचलेले चुकीचे पर्याय लगेच ओळखू येतात, कारण ते उगाच मूर्ख असतात. ‘वरीलपैकी सर्व’ आणि ‘यांपैकी नाही’ हे पर्याय प्रश्नपत्रिकेतच राहू द्या.

चुकीच्या उत्तरावर लाल फुली आणि भोंग्याचा आवाज नको. ‘ऑक्सिजन’ निवडणाऱ्या मुलाला ‘बरं, मग हे बघ’ म्हणून सरळ बाटलीच्या प्रयोगाकडे न्या. चूक दुरुस्त करायचं काम प्रयोगाला करू द्या.

*तपासा:* थांब्यांची ही यादी व्हिडिओशिवाय नुसती एखाद्या मुलाला वाचून दाखवा. ते बोलायला लागलं तर पुढे जा.

५. संहिता: दोन रकाने, मोठ्याने वाचन

कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. दोन्हीकडे एकच गोष्ट आली असेल तर एक खोडा. पाणी चढताना दिसतंय तेव्हा ‘आता पाणी वर चढत आहे’ हे सांगायची गरज नाही. गप्प बसा. त्या तीन सेकंदांची शांतता मुलांना सगळ्यात जास्त आवडते.

मुलांसाठी मी मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द धरतो. साडेचार मिनिटांतले थांबे आणि शांत जागा वगळल्या तर संहिता साडेतीनशे शब्दांच्या पुढे जायला नको. लांबीबद्दल एक ठोस आकडा आहे: २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांचे व्हिडिओ सुमारे ६९ लाख वेळा कसे पाहिले गेले याचा अभ्यास झाला, आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक सहा मिनिटांच्या वर गेला नाही. तेही स्वतःहून शिकायला आलेल्या लोकांचा.

पहिल्या खर्ड्यात आमचं एक वाक्य असं होतं: ‘तापमान घटल्यामुळे वायूचे आकुंचन होऊन अंतर्गत दाब कमी होतो.’ बरोबर आहे, पण मेलेलं आहे. बदलून केलं: ‘हवा निवली. निवली की ती आक्रसते, कमी जागा घेते. मग बाहेरची हवा पाण्याला म्हणते, सरक आत!’ पुस्तकातला शब्द टाळायचा नाही, फक्त त्याला उशिरा आणायचं. गोष्ट दिसून झाली की मग ‘याला आकुंचन म्हणतात’. नाव आधी आणि वस्तू नंतर, असं केलं की नुसतं पाठांतर होतं.

६. चित्रीकरण

मोबाइल पुरतो. आधी जागा आणि उजेड नीट लावा.

मेणबत्ती चित्रित करताना हमखास होणारी गडबड म्हणजे ज्योत पेटली की कॅमेरा आपोआप उजेड कमी-जास्त करत राहतो आणि ग्लास धूसर होतो. फोकस आणि एक्सपोजर दोन्ही लॉक करा. बहुतेक फोनवर पडद्यावर बोट दाबून धरलं की ते होतं. पार्श्वभूमीला काळा किंवा गडद कागद लावा. पाण्यात रंगाचे दोन थेंब टाका, नाहीतर पाणी चढलेलं दिसणारच नाही. दिवा समोरून नको, काचेत तो आणि तुम्ही दोघेही दिसता. बाजूने लावा.

दिव्यांची लकलक येत असेल तर शटरचा वेग विजेच्या वारंवारतेशी जुळवा: ५० हर्ट्झ असेल तिथे १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. फोन आडवा धरा, १९२० बाय १०८० वर ठेवा, विमान मोडवर टाका. ऐन क्षणी आलेल्या फोनने आमचे दोन शॉट खाल्ले आहेत.

आणि एक नियम कधीच मोडू नका: मुख्य प्रयोग एका सलग शॉटमध्ये घ्या. ग्लास ठेवण्यापासून पाणी थांबेपर्यंत मध्ये कट नको. मुलं कट पकडतात आणि त्यांना वाटतं इथेच काहीतरी बनवाबनवी केली. जवळचे शॉट हवे असतील तर प्रयोग परत करून वेगळे घ्या आणि ते आधी किंवा नंतर वापरा.

*सावध:* आग आहे. मोठं माणूस समोर हवं, केस बांधलेले, ओढण्या-सैल बाह्या आवरलेल्या, पाण्याची बादली हाताशी. मुलांना घरी करून बघायला सांगणार असाल तर ज्योत नसलेला बाटलीचा प्रयोग सांगा, तोही मोठ्यांसोबत. मूल चित्रात दिसणार असेल तर पालकांची लेखी संमती चित्रीकरणाच्या आधी घ्या. नंतर मागायची वेळ आली की सगळ्यांचीच पंचाईत होते. बऱ्याचदा नुसते हात दाखवले तरी भागतं.

७. आवाज

वेगळा मुद्रित करा. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसा, माइक तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला. रेकॉर्डिंगच्या आवाजपट्टीवर सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. खोलीतली दहा सेकंदांची शांतताही मुद्रित करून ठेवा, जोडकामात लागते. बोलण्याखाली संगीत नसलं तर उत्तम.

८. एडिटिंग: क्रम चुकवू नका

आधी आवाज मांडा, त्यावर चित्र बसवा, मग थांब्यांच्या पाट्या, मग पडद्यावरची अक्षरं, सगळ्यात शेवटी ध्वनी. उलट केलंत तर सुंदर ॲनिमेशन वाचवण्यासाठी संहिता वाकवावी लागते.

पडद्यावर बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहू नका. मूल ऐकेल की वाचेल? एक-दोन शब्द, बाण, वर्तुळ एवढं बास. उत्तरांमध्ये फरक दाखवायला नुसता लाल-हिरवा रंग वापरू नका, काही मुलांना तो फरक दिसत नाही. आकार किंवा खूणही द्या. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप करणारे इफेक्ट धोकादायक असतात. काही मुलांना त्याने फीट येऊ शकते.

मराठी अक्षरांचं एक दुखणं वेगळं सांगायला हवं. काही एडिटिंग प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. फॉन्ट युनिकोड असू द्या आणि प्रोग्रॅमच्या टेक्स्ट सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडा. तरी जमलं नाही तर पाटी दुसरीकडे बनवून चित्र म्हणून आत घ्या.

*तपासा:* ‘विद्यार्थी’, ‘ऑक्सिजन’, ‘प्रश्न’, ‘दुसऱ्या’ हे चार शब्द टाइप करून बघा. हे नीट उमटले तर बाकीचं बहुधा उमटेल. सबटायटलची एसआरटी फाइल (वाक्यं आणि त्यांच्या वेळांची साधी मजकूर-फाइल) साठवताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

९. थांबे जिवंत करा

तीन वाटा आहेत.

सगळ्यात साधी: व्हिडिओतच पाटी. ‘इथे थांबव. तुझा अंदाज वहीत लिही.’ पाटी आठ-दहा सेकंद राहू द्या. वर्गात एकाच पडद्यावर दाखवायचं असेल तर हीच वाट सर्वांत उपयोगी, कारण तिथे मुलं एकमेकांशी भांडतात, आणि ते हवंच असतं.

दुसरी: एच५पी. व्हिडिओत प्रश्न बसवायचं हे मोफत, मुक्त-स्रोत साधन आहे आणि मूडल (ऑनलाइन वर्गाची प्रणाली) किंवा वर्डप्रेसवर (संकेतस्थळ बनवायची प्रणाली) चालतं. इंटरनेट नसेल तिथे लुमी नावाच्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये तयार करून ब्राउझरमध्ये उघडणारी एचटीएमएल फाइल म्हणून देता येतं. त्यातला ‘इंटरॲक्टिव्ह व्हिडिओ’ प्रकार घ्या, व्हिडिओ चढवा, टाइमलाइनवर नेमक्या सेकंदाला प्रश्न ठेवा आणि व्हिडिओ तिथे थांबेल ही खूण करा. चुकीच्या उत्तरावर ठरलेल्या सेकंदाला उडी मारायची सोयही आहे. चौथ्या पायरीतलं ‘बरं, मग हे बघ’ इथे बसवा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे प्रश्न वाक्याच्या मधोमध येतो. वाक्य संपल्यावर अर्धा सेकंद सोडून ठेवा.

तिसरी: मुलाला कळ हातात द्या. फेट (PhET) या विज्ञानाच्या संकेतस्थळावर वायूंचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करायचा प्रयोग आहे. त्यात डबा तापवता-निववता येतो आणि दाब बदलताना दिसतो. स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतः छोटं काहीतरी बनवता आलं तर आणखी बरं. पण हे व्हिडिओनंतर द्या, मध्ये नको. मध्ये दिलं की मूल व्हिडिओकडे परत येत नाही.

*सावध:* यूट्यूबवर व्हिडिओ ‘मुलांसाठी’ म्हणून नोंदवला की कमेंट, माहितीपत्रं (इन्फो कार्ड) आणि शेवटच्या पडद्यावरच्या जोडण्या (एंड स्क्रीन) बंद होतात. म्हणून ‘उत्तर खाली कमेंटमध्ये लिहा’ असं व्हिडिओत बोलून ठेवू नका, खाली कमेंट नसेल. आणि ते टाळण्यासाठी खोटी नोंद करू नका.

१०. मुलांसमोर चाचणी

दुसऱ्या पायरीत भेटलेली मुलं नकोत, नवी तीन-चार घ्या. त्यांच्या मागे बसा आणि तोंड बंद ठेवा. कुठे चुळबुळ होते, कुठे मागे जाऊन परत बघितलं जातं, त्या सेकंदांची नोंद करा. चुळबुळ झाली तिथे कात्री चालवा, तुमचं लाडकं दृश्य असलं तरी.

‘आवडलं का?’ विचारू नका. मुलं हो म्हणतात. त्याऐवजी व्हिडिओत नसलेला प्रश्न विचारा: ‘प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी हलवून ओतून टाकलं आणि लगेच बूच लावलं. थोड्या वेळाने बाटली कशी दिसेल?’ ‘आत चेपेल’ असं म्हणून मूल हवा निवण्याबद्दल काही बोललं तर व्हिडिओने काम केलं. ‘ऑक्सिजन’ म्हणालं तर तिसऱ्या थांब्याच्या आधीचा भाग परत लिहा. आम्हाला दोनदा लिहावा लागला.

११. नाव आणि थंबनेल

नावात प्रश्न ठेवा, उत्तर नको. थंबनेलचं, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या छोट्या चित्राचंही तेच. आम्ही सगळं नीट करून थंबनेलला सर्वांत देखणं दृश्य लावलं: अर्धा ग्लास निळं पाणी वर चढलेलं आणि विझलेली मेणबत्ती. पहिल्या थांब्यावर, ‘ग्लास घातला तर काय होईल?’ या प्रश्नाला, झाडून सगळ्या मुलांचं उत्तर बरोबर आलं. दोन दिवस आम्ही खूश होतो. मग एका मुलाने सांगितलं, ‘ते तर बाहेरच दिसतंय की.’ आता थंबनेलवर ग्लास हवेत आहे, ज्योतीच्या चार बोटं वर.